घराला किती तारे?

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला पुस्तकातला धडा सांगणार नाही. आज आपला धडा आहे घरातल्या विजेच्या बिलाचा. दर महिन्याला हे बिल आपल्या दारात येते. आपण पैसे भरतो. पण ते वाचतो का? खरे सांगा.

तुम्ही लाजू नका. आधी मीच कबूल करतो. मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. नफा-तोटा शिकवला, शेकडेवारी शिकवली, सरळव्याज शिकवले. पण स्वतःच्या घरचे बिल मी कधी नीट वाचले नाही. खालचा मोठा आकडा तेवढा पाहायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि पैसे भरून मोकळा व्हायचो. त्याची शिक्षा मला मिळाली. ती कशी, तेच आधी सांगतो.

आईचा पंखा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आपल्या माण तालुक्यातले ऊन तुम्हांला ठाऊक आहे. आमची आई ऐंशीच्या पुढची. तिची खोली पत्र्याची. दुपारी त्या खोलीत बसवत नाही. म्हणून तिच्या डोक्यावर पंखा लावून दिला होता.

त्या महिन्यात बिल आले १३८ युनिटांचे. मी सोप्यात बसून मोठ्याने बोललो, "काय हे बिल! अशाने दिवाळे निघेल." आई आत होती. तिने ऐकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून चहा घेऊन आईच्या खोलीत गेली, तर आई जमिनीवर पडलेली. अंग तापलेले. ओठ सुकलेले. पंखा बंद. आम्ही धावतपळत तिला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले. दिवेलागणीला ती बोलू लागली. मी विचारले, "आई, वीज तर होती. मग पंखा बंद कसा?"

आई म्हणाली, "म्याच बंद केला. तू बिलावरनं बोललास नव्हं? म्हटलं, पोराचं तेवढंच पैसं वाचतील."

मंडळी, मला खाली मान घालावी लागली. पस्तीस वर्षे मी हिशेब शिकवला, आणि माझ्या घरात वीज वाचवण्यासाठी म्हातारी आई उन्हात भाजत होती. त्या रात्री मी बिल हातात घेतले. चष्मा लावला आणि पहिल्यांदा ते वरपासून खालपर्यंत वाचले.

युनिट म्हणजे काय?

ज्वारी आपण पायलीने मोजतो. दूध लिटरने मोजतो. जमीन गुंठ्याने मोजतो. तशी वीज युनिटाने मोजतात.

विजेच्या प्रत्येक वस्तूवर 'वॅट' लिहिलेले असतात. वॅट म्हणजे त्या वस्तूची भूक. दहा वॅटच्या दिव्याची भूक लहान. हजार वॅटच्या शेगडीची भूक मोठी. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. हिशेब एवढाच आहे. वॅट आणि तास यांचा गुणाकार करायचा, हजाराने भागायचे, की युनिट निघाले.

आता आईच्या पंख्याचा हिशेब करू. तो पंखा जुना होता. त्याची भूक ७५ वॅट. दिवसातून १२ तास चालायचा. ७५ गुणिले १२ म्हणजे ९००. म्हणजे रोज एक युनिटाला थोडे कमी. महिन्याचे झाले २७ युनिट.

आता बाजारात नव्या जातीचा पंखा मिळतो. त्याची मोटर वेगळी असते. तो वारा तितकाच देतो, पण त्याची भूक ३० वॅटच्या आसपास असते. तोही रोज १२ तास चालवा. ३० गुणिले १२ म्हणजे ३६०. महिन्याचे झाले ११ युनिट.

पाहा मंडळी. वारा तोच. तास तेवढेच. एका पंख्याला २७ युनिट लागतात, दुसऱ्याला ११. दर महिन्याला १६ युनिटांचा फरक. म्हणजे आईने पंखा बंद करण्याची काही गरज नव्हती. मीच तिला चुकीचा पंखा लावून दिला होता.

एका वस्तूच्या दोन किमती

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तो नवा पंखा महाग असंल." बरोबर आहे. साध्या पंख्यापेक्षा तो हजार-बाराशे रुपयांनी महाग पडतो. म्हणूनच आपण स्वस्त पंखा उचलतो.

पण प्रत्येक विजेच्या वस्तूला दोन किमती असतात, हे ध्यानात ठेवा. पहिली किंमत दुकानात द्यायची. ती एकदाच. दुसरी किंमत बिलात द्यायची. ती दर महिन्याला, वस्तू चालेल तोवर. बैल विकत घेताना आपण नुसती किंमत पाहत नाही. तो खाईल किती आणि काम करील किती, हेही पाहतो. मग पंखा घेताना का पाहू नये?

सोपा हिशेब करू. युनिटामागे ६ रुपये धरा. १६ युनिटांचे महिन्याला ९६ रुपये. पंखा वर्षातून आठ महिने लागतो असे समजा. वर्षाला वाचले ७६८ रुपये. म्हणजे जास्तीचे बाराशे रुपये दीड-पावणेदोन वर्षांत वसूल. पुढे पंखा चालेल तितकी वर्षे बचतच बचत.

आणखी एक गोष्ट. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. शंभराच्या पुढे गेलेल्या युनिटांना त्याहून बराच जास्त दर लागतो. म्हणून १०० हा आकडा आपल्या घराचा बांध आहे. बांधाच्या अलीकडे राहिलो तर फायदा मोठा.

तारे कसे वाचावेत?

आता कोणी विचारील, "दुकानात सगळे पंखे सारखेच दिसतात. कमी भुकेचा कोणता, हे अडाणी माणसाने ओळखायचे कसे?" त्याची सोय सरकारने करून ठेवली आहे. केंद्र सरकारचे एक कार्यालय आहे. त्याला थोडक्यात 'बी.ई.ई.' म्हणतात. या कार्यालयाने २००६ सालापासून विजेच्या वस्तूंना तारे देण्याची पद्धत सुरू केली. फ्रिज, पंखा, दिवा अशा वस्तूंवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर तारे असतात. एक तारा म्हणजे वस्तू खादाड. पाच तारे म्हणजे वस्तू काटकसरी. छताच्या पंख्यांवर ही पट्टी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे.

तारे मोजायला इंग्रजी लागत नाही, बरे का. एक ते पाच आले की झाले. मात्र पट्टीवर पाच ताऱ्यांची जागा असते. त्यांतले रंगवलेले तारे तेवढे मोजायचे.

पण दोन ठिकाणी माणूस फसतो. तीही सांगतो.

पहिली फसगत वर्षाची. पट्टीवर साल छापलेले असते. तारे देण्याचे नियम काही वर्षांनी कडक होतात. शाळेत उत्तीर्ण होण्याचे गुण वाढवावेत, तसे. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आज पाच राहत नाहीत. जुना फ्रिज विकणारा सांगतो, "पाच ताऱ्यांचा आहे, घ्या." तुम्ही साल वाचा. माझ्या घरी असाच एक जुना फ्रिज मी घेतला होता. तारे पाहिले, साल पाहिले नाही. स्वस्त म्हणून आणला आणि त्याला दर महिन्याला पोसत बसलो.

दुसरी फसगत आकाराची. मोठ्या फ्रिजला पाच तारे असले, तरी तो लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. कारण तारे हे त्याच जातीच्या, तेवढ्याच मापाच्या वस्तूंशी तुलना करून देतात. म्हणून फ्रिजच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतात, तो आकडाही वाचावा. त्या आकड्याला बाराने भागले, की महिन्याचे युनिट मिळतात.

आमच्या आळीचा दाखला

वस्तूंना तारे असतात, तसे घराला असतात का? इंग्लंड देशात ही पद्धत आहे. तिथे २००७ सालापासून घर विकायचे, आणि २००८ सालापासून भाड्याने द्यायचे, तर घराचा दाखला काढावा लागतो. तपासनीस घरी येतो. भिंती पाहतो, छप्पर पाहतो, खिडक्या पाहतो, घर गरम ठेवायची सोय पाहतो. मग 'ए' पासून 'जी' पर्यंत सात श्रेणींपैकी एक श्रेणी देतो. 'ए' सर्वांत चांगली, 'जी' सर्वांत वाईट. हे दाखले कोणालाही पाहता येतात. आपल्या आळीतले कोणते घर कसे आहे, हे तिथल्या माणसाला घरबसल्या कळते. २०१८ सालापासून तिथे असा नियमही झाला, की शेवटच्या दोन श्रेणींतले घर, काही सवलती सोडल्यास, नव्या भाडेकऱ्याला देता येत नाही. कारण तिथे कडाक्याची थंडी. घर वाईट असेल, तर गरीब भाडेकरू एक तर थंडीत कुडकुडतो, नाही तर बिलात बुडतो.

आपल्या देशातही बी.ई.ई. कार्यालयाने २०१८ साली राहत्या घरांसाठी एक संहिता काढली. भिंतींतून आणि छपरातून किती उष्णता आत येऊ द्यावी, याची मापे तिच्यात दिली आहेत. ती मुख्यतः शहरांतल्या मोठ्या इमारतींसाठी आहे. आपल्या खेड्यातल्या घराला असा दाखला कोणी देत नाही.

हे मी गेल्या वर्षी वर्गात सांगितले, तेव्हा एक जण म्हणाला, "गुरुजी, दाखला कुणी देत न्हाई, तर आपणच काढू की आपल्या आळीचा."

कल्पना चांगली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापली बिले आणली. मी फळ्यावर तक्ता आखला. घर, माणसे, युनिट. एकेक जण उठून आपल्या हाताने आकडा लिहू लागला. एका घरात चार माणसे आणि १४० युनिट. दुसऱ्या घरात नऊ माणसे आणि ११० युनिट. लगेच चर्चा सुरू झाली. कोणाकडे जुन्या नळ्या आहेत, कोणाचा पंप गळक्या टाकीमुळे तासन्तास चालतो, कोणाकडे रिकाम्या खोलीत पंखा फिरतो. मजा आली.

शेवटी आळीच्या टोकाला राहणाऱ्या आक्का उठल्या. एकट्या राहतात. मालक वारले. त्यांनी खडू घेतला आणि सावकाश लिहिले, १८.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "आक्का, तुमचा पहिला नंबर. तुमच्या घराला पाच तारे."

आक्का म्हणाल्या, "गुरुजी, माझ्याकडं पंखाच न्हाई. दोन दिवं हायती आन् एक जुना टीव्ही. पत्र्याखाली उन्हाळ्यात रात्रभर डोळं मिटत न्हाईत. ह्याला कसलं पाच तारं?"

वर्ग गप्प झाला. मी पुन्हा एकदा चुकलो होतो. मला माझी आई आठवली.

मंडळी, हीच गोष्ट मला आज तुमच्या मनावर ठसवायची आहे. कमी बिल म्हणजे चांगले घर नव्हे. उपाशी राहणाऱ्याचा किराणा कमीच येतो. त्याला कोणी काटकसरी म्हणत नाही. घराचा दाखला काढायचा, तर दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. त्या घरातला माणूस उन्हाळ्यात झोपू शकतो का? मूल रात्री दिव्याखाली वाचू शकते का? ही पहिली. आणि एवढी सोय करायला किती युनिट लागतात, ही दुसरी. पहिली सोडून नुसती दुसरी धरली, की हिशेब चुकतो.

मी फळ्यावरचे आक्कांचे तारे पुसले. आणि आम्ही त्यांच्या घराचा हिशेब नव्याने मांडला.

बाजारात आक्का

जुन्या जातीचा पंखा घेतला, तर १८ अधिक २७ म्हणजे ४५ युनिट. नव्या जातीचा घेतला, तर १८ अधिक ११ म्हणजे २९ युनिट. आक्कांनी ही बेरीज स्वतः वहीत केली. मग बचत गटातून उचल घेतली आणि वर्गातल्या दोघींना बरोबर घेऊन त्या तालुक्याच्या बाजारात गेल्या.

दुकानदाराने समोरचा पंखा दाखवला. म्हणाला, "घेऊन जा मावशी, मस्त आहे. सगळे सारखेच असतात."

आक्कांनी खोका फिरवला. पट्टी शोधली. बोट ठेवून तारे मोजले. म्हणाल्या, "ह्याच्यावर एकच तारा रंगवलाय. मला पाचाचा दाखवा. आन् किती वॅट, त्ये बी दाखवा."

दुकानदाराने वर पाहिले आणि आतून दुसरा खोका आणला. त्याच्यावर पाच तारे होते. त्याशेजारी वॅटचा आकडा होता. आक्कांनी तो वाचला. मग पैसे मोजले.

दोन वर्षांपूर्वी या बाई अंगठा लावत होत्या. आता पुढच्या महिन्याचे त्यांचे बिल ३० युनिटांचे आले. युनिट वाढले, पण रात्री झोप आली. मी म्हणतो, आता त्या घराला तारे शोभतात.

छपराकडेही पाहा

पण पंखा काही ऊन अडवत नाही. तो आहे ती हवा फिरवतो. घरच तापले, तर पंखा गरम वाराच देणार. म्हणून छपराकडेही पाहिले पाहिजे.

आपल्या भागातली जुनी माळवदाची घरे आठवा. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा जाड थर. दुपारचे ऊन त्या मातीतून आत यायला फार वेळ लागायचा. आता आपण पत्रा टाकतो, कारण तो लवकर होतो आणि गळत नाही. पण पत्रा पातळ. सूर्य वर आला की तो तव्यासारखा तापतो आणि सगळी धग खाली सोडतो.

पत्रा काढून टाका, असे मी म्हणत नाही. त्याला पांढरा रंग द्या. ऊन परतवणारा रंग दुकानात मिळतो. स्लॅबचे घर असेल, तर गच्चीला चुना मारा. काळा रंग ऊन पितो, पांढरा रंग ऊन परत पाठवतो. भर उन्हात काळी छत्री आणि पांढरा पटका यांवर हात ठेवून पाहा, म्हणजे पटेल. तेलंगण सरकारने तर २०२३ साली छपरे थंड ठेवण्याचे धोरणच जाहीर केले. पश्चिमेच्या भिंतीबाहेर झाड लावा किंवा मांडव घाला. रात्री समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. याला एक युनिटही लागत नाही.

मी आईच्या खोलीच्या पत्र्याला पांढरा रंग दिला. खाली एक पातळ छतही ठोकून घेतले. दोन पंखे बदलले, त्यांत ३२ युनिट वाचले. दोन जुन्या नळ्या काढून एल.ई.डी.च्या नळ्या लावल्या, त्यांत ९ युनिट वाचले. पुढच्या मे महिन्यात १३८ चे ९७ युनिट झाले. आम्ही बांधाच्या अलीकडे आलो. आणि आईचा पंखा दुपारभर चालू होता. तिला मी सांगून ठेवले आहे, "बटणाला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे." ती हसते.

उद्याचा अभ्यास

आता तुम्हांला घरचा अभ्यास देतो.

एक. उद्या येताना वीज बिल आणा. त्यावर मागच्या महिन्यांचे युनिटही छापलेले असतात. ते आपण वाचू.

दोन. आज रात्री आठ वाजता मीटरवरचा आकडा वहीत लिहा. उद्या रात्री आठ वाजता पुन्हा लिहा. मोठ्यातून लहान वजा करा. ते तुमच्या घराचे एका दिवसाचे युनिट. मीटरवर इंग्रजी आकडे असतात. ज्यांना ते येत नाहीत, त्यांनी आज थोडे थांबा. दहाच आकडे आहेत. मी शिकवतो.

तीन. घरातल्या पंख्यावर, दिव्यावर वॅटचा आकडा शोधा. सापडला तर लिहून आणा. मात्र आधी बटण बंद करा आणि मगच हात लावा.

आणि एक विनंती. घरात म्हातारे माणूस असेल, बाळंतीण असेल, तान्हे मूल असेल, तर त्यांच्यासमोर बिलावरून आदळआपट करू नका. त्यांना वाटेल, आपलाच भार झाला. बिल कमी करायचे असेल, तर वस्तू बदला, छप्पर बदला, सवय बदला. माणसाला उन्हात बसवू नका.

उद्या फळ्यावर पुन्हा तक्ता आखू. या वेळी त्यात चौथा रकाना ठेवू. घर, माणसे, युनिट आणि उन्हाळ्यातली झोप.